डायनायट्रोजन टेट्राऑक्साइडचे सूत्र दोनने भागून लहान का करायचे नाही?

प्रश्न

नमस्कार. मी मुलीचा रसायनशास्त्राचा अभ्यास घेते. आयनिक संयुगांची सूत्रे लिहिताना संयुजांची (अणू किती बंध जोडू शकतो ते दाखवणाऱ्या अंकांची) तिरकस अदलाबदल करायची आणि मग दोन्ही अंकांना भाग जात असेल तर भागून घ्यायचे, ही पद्धत तिच्या हातात चांगली बसली आहे. मॅग्नेशिअम ऑक्साइडचे एमजी२ओ२ तसेच न ठेवता एमजीओ करायचे, हे तिला आता सांगावे लागत नाही. मात्र सहसंयुज संयुगे (ज्यांत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडले जातात) सुरू झाल्यावर डायनायट्रोजन टेट्राऑक्साइडसाठी तिने आधी एन२ओ४ लिहिले, मग सवयीने दोनने भागून एनओ२ केले आणि उत्तर चुकीचे ठरले. चूक नेमकी कुठे झाली, हे मलाही तिला सांगता आले नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन मोजून सांगतात, पण ॲल्युमिनिअम ऑक्साइडमधले दोन आणि तीन हे आकडे नावात का येत नाहीत? नियम पाठ करून घेण्यापेक्षा कारण समजावून द्यावे, अशी माझी इच्छा आहे. (चिन्हे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

उत्तर १

तिचे पहिले उत्तर बरोबर होते. भागाकार केल्याने येथे सूत्र सोपे होत नाही, तर पदार्थच बदलतो. एनओ२ हा तांबूस तपकिरी वायू आहे, तर एन२ओ४ रंगहीन आहे. हे दोन्ही भरलेली बंद काचनळी बर्फात धरली, तर एनओ२ चे दोन-दोन रेणू जोडले जाऊन एन२ओ४ तयार होते आणि रंग फिका पडत जातो. तीच नळी गरम पाण्यात धरली की रंग पुन्हा गडद होतो. एकाचे रेणुवस्तुमान ४६, दुसऱ्याचे ९२. शक्य असेल तर या प्रयोगाची चित्रफीत तिला दाखवावी, कारण रंग पालटताना एकदा पाहिला की हे सूत्र भागायचा मोह पुन्हा होत नाही.

मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोराइड हे आयन (विद्युतप्रभार असलेले अणू) चहूबाजूंना एकाआड एक रचलेले असतात आणि त्यातून एक सुटा रेणू काढून दाखवता येत नाही. म्हणून आयनिक संयुगाचे सूत्र हे केवळ प्रमाण असते, आणि प्रमाण नेहमी लहानात लहान अंकांत लिहितात. एन२ओ४ हे मात्र प्रमाण नसून मोजणी आहे: एका रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू. मोजणीला भागायचे नसते.

नावांतला फरकही यातूनच येतो. ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धन प्रभार आणि ऑक्साइडवर दोन ऋण प्रभार असतात. त्यामुळे 'ॲल्युमिनिअम ऑक्साइड' एवढे म्हटले की सूत्र आपोआप ठरते आणि आकडे सांगण्याची गरज राहत नाही. नायट्रोजन व ऑक्सिजन यांची मात्र एन२ओ, एनओ, एन२ओ३, एनओ२, एन२ओ४ आणि एन२ओ५ अशी निरनिराळी संयुगे आहेत. नुसते 'नायट्रोजन ऑक्साइड' म्हटले तर यांतले कोणते, हे कळणार नाही. जुन्या मराठी पुस्तकांत कार्बन डायऑक्साइडला 'कर्बद्विप्राणिद वायू' म्हणत. त्यातला 'द्वि' आणि आजचा 'डाय' एकच काम करतात. मला ते जुने नाव शिकवताना फार उपयोगी वाटते, कारण त्यात मोजणी मराठी कानाला थेट ऐकू येते.

उत्तर २

वरील उत्तराला एक जोड देतो. संयुजांची अदलाबदल करताना आपण गृहीत धरतो की बंध फक्त वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या अणूंमध्येच आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांनाही जोडलेले असतात, म्हणून ते एच२ओ२ असते आणि त्याचे एचओ करता येत नाही. डायसल्फर डायक्लोराइडमध्ये, म्हणजे एस२सीएल२ मध्ये, दोन सल्फर असेच जोडलेले आहेत. सल्फरची संयुजा २ आणि क्लोरीनची १ धरून अदलाबदल केली तर एससीएल२ येते, आणि तो सल्फर डायक्लोराइड हा निराळाच पदार्थ आहे. म्हणून या प्रकरणात संयुजा बाजूला ठेवावी आणि नावातील उपसर्ग वाचून सरळ अंक लिहावेत.

नाव देताना कमी विद्युतऋण, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणारे, मूलद्रव्य आधी येते आणि दुसऱ्याला 'आइड' हा प्रत्यय लागतो. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर 'मोनो' गाळतात, दुसऱ्याचा मात्र ठेवतात; म्हणून सीओ हे कार्बन मोनॉक्साइड. फ्लोरीन सर्वांत विद्युतऋण असल्याने ओएफ२ मध्ये ऑक्सिजनही आधी येतो आणि नाव ऑक्सिजन डायफ्लोराइड होते. अमोनिया आणि पाणी यांची रूढ नावेच वापरावीत.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. मुलीने लगेच एक शंका काढली. मोजणीला भागायचे नसेल, तर पी४ओ१० या रेणूला फॉस्फरस पेंटॉक्साइड का म्हणतात? त्या नावावरून तर पी२ओ५ हे सूत्र समोर येते.

उत्तर १

शंका अगदी योग्य आहे. ते नाव पी२ओ५ या प्रमाणदर्शक सूत्रावरून पडले आणि रूढ झाले. रेणूला धरून नाव द्यायचे, तर टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड म्हणावे लागते. रेणुवस्तुमान विचारले असेल तर पी४ओ१० घेऊनच गणित करावे. उत्तर सुमारे २८४ येईल, १४२ नव्हे.

तिने एवढे ओळखले आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. सिलिकॉन डायऑक्साइडचे नाव सहसंयुज पद्धतीचे आहे आणि त्यातील बंधही सहसंयुज आहेत, पण क्वार्ट्‌झच्या स्फटिकात सुटे रेणू नसतात. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनला आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनला जोडलेला असे जाळे स्फटिकभर पसरलेले असते. तेथे एसआयओ२ हे सूत्र मिठाच्या सूत्राप्रमाणेच केवळ प्रमाण सांगते.