मदत हवी आहे: २०० रुपयांच्या ॲपवर ३० रुपये कमिशन. दुसरी वाट आहे का?

नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला. दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब लिहितो, रात्री ॲप करतो. मराठीतून कन्नड शिकवणारं आहे. ग्रामपंचायतीतल्या अर्जापासून भरतीच्या सक्तीच्या कन्नड पेपरपर्यंत आमच्याकडच्या पोरांचं कुठं ना कुठं अडतंच, म्हणून केलं. दहा धडे फुकट, पुढचे सगळे २०० रुपयांत.

त्यातले १५ टक्के, म्हणजे ३० रुपये, गूगल प्लेचे. वर्षाला १० लाख डॉलरच्या पुढं गेलं की ३० टक्के, पण तिथं पोचायला मला सात जन्म लागतील! वडील भाजी अडतीला घालतात. ते म्हणाले, "अडत्या निदान आमच्या तोंडाकडं बघून तरी कापतो."

गूगल काहीच करत नाही असं माझं म्हणणं नाही. अपडेट पोचवणं, परतावा, सगळं तेच बघतात. पण हाच धडा मी रविवारी गणपत गल्लीत समोर बसवून शिकवला आणि फी ॲपमधून घेतली, तर प्लेचं बिलिंग लागतच नाही. मोबाईलमध्ये शिकवला की कमिशन. हे काही पटत नाही.

पर्यायी बिलिंग घेतलं, म्हणजे पैसे प्लेऐवजी दुसऱ्या कंपनीमार्फत घेतले, तर गूगलचा दर ४ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे गूगलचे २२ रुपये, वर गेटवेचे, म्हणजे पैसे गोळा करून देणाऱ्या त्या कंपनीचे, २ टक्के धरले तर ४. वाचले किती? चार रुपये. प्लेच्या बिलिंगच्या सक्तीवरून स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, २०२५ मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. माझ्या पदरात हे चार.

वेबसाइटवर विकून ॲपमध्ये नुसतं लॉगिन ठेवलेलं कुणाचं चाललंय का? व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइलच, पाठवून बघितली, फोनने इशारा दिला की लोक घाबरतात.

प्रतिसाद १: चार रुपयांसाठी गेटवेच्या नादी लागू नका, परतावे आणि भांडणं तुमच्याच गळ्यात येतील. लॉगिनवालं माझं चालतंय. फक्त ॲपमध्ये "तिकडं पैसे भरा" असं कुठंही लिहू नका. आणि एकेक पोरगं कशाला धरता? क्लासवाल्यांना पुढचे धडे उघडणारे तीस-तीस कोड एकगठ्ठा विका.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं हो. निपाणीत दोन क्लासवाले ओळखीचे आहेत, सोमवारी रजा टाकून जातो. तीस कोडांना भाव काय सांगू? एका कोडाला १५० म्हटलं तर फार पडतं का?