आर्किटेक्चर शिकलं की नजर बदलते का?

प्रश्न: लेक आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा लग्नात नवरी सोडून कार्यालयाचं छत न्याहाळत बसली! हे असंच चालायचं का?

प्रतिसाद: चालायचंच. मी प्रॅक्टिस करतो, आमची ही वैतागलेली असते. जिना चढताना माझे पायच मोजतात. पायरीची १५० मिमी उंची, ३०० रुंदी असली की पायाला जिना जाणवत नाही. पण एखादीच पायरी दोन सेंटीमीटरनं चुकली की माणूस अडखळलाच. ती बहुधा पहिली नाहीतर शेवटची, कारण लादीची जाडी कुणी धरलेलीच नसते.

मुंबईत पेडर रोडला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत (१९८३) दाखवा तिला. लोकांना कोपऱ्यांतली भोकं दिसतात. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन अन् पावसाची झोडही तिकडूनच. म्हणून ती भोकं, म्हणजे दुमजली गच्च्या, आत ओढल्यात. जुन्या बंगल्यांचा व्हरांडाच तो, एकावर एक चढवलेला.

प्रश्नकर्ती: अच्छा! म्हणून बाथरूममध्ये गोटी सोडून बघत होती होय!

प्रतिसाद: मग, गोटी पाण्याच्या जाळीकडे गेली का?

प्रश्नकर्ती: दाराकडे.