इतिहासाच्या एम.ए.साठी घर गहाण ठेवायचं का?

मागवाला
भाचीला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाची एम.ए.ची ऑफर आलीय. विषय कामगारांचा इतिहास. फी बावीस हजार पौंड, राहणं-खाणं धरून चाळीस लाखांच्या घरात. मेहुण्याचे सोलापुरात अशोक चौकाच्या मागं बारा माग, त्यातले आठ चालू. तो घराचे कागद घेऊन बँकेत जाऊनही आला. मी म्हटलं, थांब. इंजिनीअर पोरगं कर्ज काढतं तेव्हा फेडीचा काहीतरी हिशेब मांडता येतो. इतिहास शिकून हप्ता कशातून जाणार? माझं मत असं की कलाशाखेच्या पोरांनी पूर्ण शिष्यवृत्ती असेल तरच परदेशी जावं, नाहीतर वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावेत. घरात सध्या माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

शेंगाचटणी
काय बे मामा, इंजिनीअरचं कर्ज ते कर्ज आणि इतिहासाचं कर्ज ते खड्डा? १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले, १९१५ ला एम.ए. झाले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास हेच शिकले ना? जाऊ द्या पोरीला.

मागवाला
गेले, पण सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. घर गहाण नव्हतं ठेवलं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

सात_रस्ता
मी एरास्मुस मुंडुसवर, म्हणजे युरोपियन युनियनच्या शिष्यवृत्तीवर, जाऊन आलेय. फी माफ, वर महिना १४०० युरो. त्यामुळे मामांशी निम्मी सहमत. पण ‘वर्षभर थांब’ म्हणताना त्या वर्षात करायचं काय, हे कुणी सांगत नाही. ऑफर जूनमध्ये आली ना? चिव्हनिंगचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे, अर्ज आदल्या ऑगस्टला उघडतात आणि ऑक्टोबरात बंद होतात. आपल्याकडे पोरं आधी ऑफर मिळवतात, मग पैसे शोधतात. इथंच गाडी सुटते.

चिव्हनिंगच्या अर्जाला फी नाही. कामाचा अनुभव मात्र दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तास लागतो. तो पगारी नोकरीचाच हवा असं नाही. अर्धवेळ, इंटर्नशिप, स्वयंसेवी काम, सगळं धरतात. तुमची भाची संध्याकाळी काही करते का?

मागवाला
विडी कामगार बायकांच्या मुलाखती घेते. दोन वर्षं झाली, एका संघटनेसाठी. तेलुगूत बोलते, मराठीत उतरवते. आम्ही त्याला काम धरतच नव्हतो.

सात_रस्ता
धरा. तारखा, तास, संघटनेचं पत्र, सगळं आजपासून वहीत.

हिप्परगा_पाणी
मला मूळ प्रश्नच पटत नाही. सोलापूरच्या कामगारांवर अभ्यास करायला इंग्लंड कशाला? मुंबईत टाटांची टिस आहे, दिल्लीत जेएनयू आहे. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये राबलेली माणसं इथं दत्तनगरात बसलीत, ती काय लंडनात भेटणार?

शेंगाचटणी
माणसं इथं, पण कागद तिकडं! सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉचे सरकारी कागद ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्या लढ्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालायचा आणि त्यांच्या फायली इंग्रजांनी वाचायच्या, असं का?

कोरा_कागद
ह्याच मुद्द्यावर माझा मित्र अडकला, म्हणून लिहितो. केंद्राची अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही त्यात थोड्या जागा. २०२२ मध्ये नियम घातला की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास ह्यांना पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर हे विषय देशातच शिकता येतात. अगदी हिप्परग्यांचंच म्हणणं. म्हणजे गिरणीतल्या आपल्या आज्यावर लिहायचं असेल तर ह्या योजनेतून नाही. मित्राने शेवटी विषयच बदलला, आता शहरनियोजन शिकतोय. नाराज नाही, पण आज्याचा विषय निघाला की गप्प होतो.

मागवाला
आम्ही पद्मशाली, विशेष मागास प्रवर्गात. राज्याची इतर मागास आणि विमाप्रवाल्यांची परदेशी शिष्यवृत्ती पाहिली. विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागतं. हिचं त्याच्या खाली.

सात_रस्ता
ती यादी हाच आपल्या विषयांचा घात आहे. एकूण क्रमवारीत विज्ञान, वैद्यकशाखा असलेली मोठी विद्यापीठं वर चढतात. व्हिएन्नाची सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी सामाजिक शास्त्रांत नावाजलेली, स्वतःची शिष्यवृत्तीही देते, पण तुम्ही ती दोनशेच्या यादीत शोधत बसाल. विषयवार क्रमवारी धरायला काय हरकत आहे, कळत नाही.

जर्मनीकडे बघा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फीच नाही. ग्योटिंगेनला आधुनिक भारत हाच विषय घेऊन इंग्रजीतून एम.ए. होतं. हायडेलबर्गच्या राज्यात मात्र आपल्याकडून सत्राला १५०० युरो घेतात. (खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवलेले जर्मन अभ्यासक सोन्थायमर तिथलेच.) व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, ते महिन्याला थोडे थोडे परत मिळतात. बारा-तेरा लाख झाले. चाळीस नव्हेत. टाटा एन्डॉवमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून आहे, तिथंही अर्ज टाका.

पार्क_चौक
पैशाचं सगळे बोलतायत. माझा अर्ज शिफारसपत्रात पडला. सर म्हणाले, तूच लिही, मी सही करतो. लिहिलं. तिकडच्या पोर्टलवर शिक्षकाचा कॉलेजचा ईमेल हवा होता, सरांकडे फक्त जीमेल. ऑफिसात चार चकरा मारल्या. क्लार्क म्हणाला, ईमेल फक्त प्राचार्यांना असतो.

रेखा_अक्कलकोट रोड
मामा, तुम्ही ‘एक वर्ष थांब’ किती सहज लिहिलंत. पोरीच्या घरात ते वर्ष रिकामं नसतं हो. त्यात स्थळं येतात. मीही थांबले होते, पुढच्या वर्षी जाऊ म्हणून. तिसरं स्थळ जमलं आणि फाईल कपाटावर गेली. कर्जाचा हप्ता दिसतो, हे दिसत नाही. मी तुमच्या मेहुण्याच्या बाजूची.

कोरा_कागद
ताई, दुखणं खरं आहे. पण तिकडच्या नोकरीच्या भरवशावर कर्ज काढायचे दिवस गेले. इंग्लंडात शिक्षणानंतर राहायला दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीडच वर्ष. चाळीस लाखांपुढे ते काहीच नाही.

रेखा_अक्कलकोट रोड
मग थांबवताय तर लेखी थांबवा. ह्या वर्षात स्थळ बघायचं नाही, असं तिच्या आईबापाकडून वदवून घ्या.

मागवाला
रेखाताई, स्थळाचं मी लिहिलं नव्हतं, पण एक आलंय. हैदराबादचं. कर्जाबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. रविवारी मेहुण्याकडे जाऊन आलो. ऑफर पुढच्या वर्षावर ढकलता येते का, असं भाचीनं विद्यापीठाला विचारलंय. तासांची वही घातली, १९०० भरले. हैदराबादवाल्यांना काय सांगायचं ह्यावर बहीण काही बोलली नाही, चहा ठेवायला उठून गेली.