ताम्हण 7 वर्षांचं झालं, फूल एकही नाही. काय चुकतंय?

सड्यावरची बाग (गुहागर)
अंगणाच्या कडेला ताम्हण आहे. बियांपासून केलेलं रोप, वय 7 वर्षं, उंची साधारण 15 फूट. जमीन जांभ्याची. खड्डा 2 फूट खणला, खाली कातळ लागला. दरवर्षी शेणखत घालतो, पावसाळ्यात दोनदा युरिया. फांद्या विजेच्या तारेकडे जातात म्हणून शिमग्याच्या सुमारास छाटणी होते. पालवी भरघोस, पण मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात. हे ठेवावं की काढून दुसरं लावावं?

माळी_वेंगुर्ला
काढू नका! पहिलं कारण तुम्हीच लिहिलंय: शिमग्याची छाटणी. ताम्हणाचे तुरे नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, मग नवी फूट येते आणि एप्रिल-मेमध्ये तिच्याच टोकाला कळ्या धरतात. शिमग्याला कोयता चालवलात की तेच शेंडे जातात. झाड पुन्हा फुटतं खरं, पण ती फूट तयार होईपर्यंत पाऊस येऊन ठेपतो. भाजावळीच्या कवळासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्यांसाठी) दरवर्षी तोडली जाणारी ताम्हणं म्हणूनच नुसती पाल्याची राहतात.

छाटणी पानगळीत करा, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. तारेकडे जाणारी फांदी जिथून फुटली तिथूनच करवतीने काढा. सगळ्या झाडाचे शेंडे सपाट कापू नका. आणि तारेजवळचं काम वीज कंपनीला कळवून, प्रवाह बंद असतानाच.

कातळशेती
छाटणीचं पटलं, पण कडा करपतात ते खड्ड्यामुळे. ताम्हण मुळात ओढ्या-वहाळाच्या काठचं झाड, पावसात पाणी तुंबलं तरी तग धरतं. त्याला मारतो तो उन्हाळा. 2 फुटांच्या खड्ड्यात मुळं कातळाला अडून गोल फिरत राहतात आणि फेब्रुवारीनंतर तेवढी माती कोरडी ठाक होते. नेमकी कळी धरायची तीच वेळ.

उपाय असा. जूनमध्ये दोन-चार पाऊस पडून जांभा मऊ झाला की बुंध्यापासून 3 फूट सोडून समोरासमोर दोन चर मारा: 4 फूट लांब, 1 फूट रुंद, 2 फूट खोल. आत पहारीने तळ फोडा, कातळाला भेगा पडल्या तरी पुरे, मुळं वाट काढतात. मग माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि पातेरा (गळलेला वाळका पाला) भरा. उरलेल्या दोन बाजू पुढच्या वर्षी. एकदम चारही बाजूंची मुळं तोडू नका. फेब्रुवारी ते मे आठवड्यातून एकदा 40-50 लिटर पाणी, आळ्यात वीतभर पातेरा. पातेरा बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते.

नवीन लावणाऱ्यांनी खड्डा 3 × 3 × 3 फुटांचाच घ्यावा. घराच्या भिंतीपासून 15 फूट तरी लांब.

माळी_वेंगुर्ला
युरियाही बंद करा. नत्राने पालाच वाढतो, लांब कोवळ्या फुटीवर मावा येतो आणि त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी. आपल्या तांबड्या, आम्ल मातीत स्फुरद बांधलं जातं, झाडाला मिळत नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीला 20 किलो शेणखतात अर्धा किलो हाडांचा चुरा मिसळून द्या. ऑक्टोबरनंतर खत नको. आणि ऊन बघा: माडा-आंब्यांच्या सावलीत असेल तर हे सगळं करूनही तुरे विरळच येतील.

सड्यावरची बाग (गुहागर)
ऊन दिवसभर आहे. पण हे ताम्हणच आहे ना, की त्याच्याच जातकुळीतलं नाणा हे झाड? फुलाशिवाय कसं ओळखू?

रानवाटा
खोड बघा. नाण्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, पांढुरकं खोड दिसतं. ताम्हणाची साल करडी-तपकिरी, पान मोठं. पुढे कळी आली की शंकाच नको: ताम्हणाची कळी भोवऱ्यासारखी, अंगावर उभ्या कंगोऱ्यांची, तांबूस लवेची, फूल जांभळं, चुरगळलेल्या पाकळ्यांचं. नाण्याची फुलं लहान आणि पांढरी.

ताम्हणच निघालं तर धीर धरा. बियांच्या रोपांत फार फरक पडतो, काही लवकर फुलतात, काही उशिरा, रंगही कमी-जास्त. खात्रीचं दुसरं झाड हवं असेल तर भरपूर फुलणाऱ्या ताम्हणाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्या. बी लावायचं तर बोंडं तपकिरी होऊन तडकायच्या आधी उतरवा, नाहीतर पंखाचं हलकं बी वाऱ्यावर जातं. त्यातलं बरंचसं पोचट असतं, तेव्हा दाट पेरा आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्या.