जुन्या सी-१० पिकअपला पॉवर स्टिअरिंग बसवावं का? (इंजिन आधीच बदललंय)

शार्लटकर
गाडी १९६९ ची शेव्हरोले सी-१०. मूळची सहा सिलिंडरची, हाताच्या स्टिअरिंगची. आता तिच्यात २००४ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं व्ही-८ आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. इथे नॉर्थ कॅरोलायनात जुन्या पिकअपवाल्यांमध्ये या एका प्रश्नावरून दोन तट पडतात: इंजिन नवं घातलं, मग स्टिअरिंग जुनंच ठेवायचं की तेही बदलायचं?

माझं मत स्पष्ट आहे, बदलायचं. मूळ स्टिअरिंग बॉक्सचं (चाकाचं फिरणं पुढच्या टायरांपर्यंत नेणाऱ्या गिअरच्या पेटीचं) गुणोत्तर २४:१, म्हणजे बॉक्स एक फेरा फिरायला हातातलं चाक चोवीस फेरे फिरवावं लागेल अशा हिशेबाचं. एखाद्या चौकात वळायचं म्हणजे दोन्ही हातांनी चाक ओढत राहायचं. कंपनी त्या वर्षीसुद्धा पॉवर स्टिअरिंग जादा पैसे घेऊन देतच होती, त्यामुळे बॉक्स याच पिढीच्या गाडीचा मिळतो. शिवाय सिल्व्हराडोचं इंजिन पॉवर स्टिअरिंगला तेलाचा दाब देणाऱ्या पंपासकट आलंय. पंप अल्टरनेटरच्या खालीच बसतो आणि पट्टा त्याच्यावरूनच फिरतो. तो काढायचा तर पट्ट्याचा मार्गच बदलावा लागेल. पंप फिरतोच आहे, मग त्याला काम का देऊ नये?

मातीचारस्ता
पूर्ण असहमत. जड स्टिअरिंगचं खापर इंजिनावर फोडू नका. ५.३ चा ब्लॉक लोखंडी असला तरी हेड ॲल्युमिनियमचे असतात. कंपनी याच चासीत जे संपूर्ण लोखंडी व्ही-८ घालायची त्याहून हे जड नाही. खरा गुन्हेगार टायर. त्या काळी अरुंद टायर असायचे, आता लोक रुंद रेडियल चढवतात आणि मग हात दुखतात म्हणून तक्रार करतात.

आधी पुढच्या चाकांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं बघा, सगळीकडे ग्रीस भरा, बॉक्सचा प्ले (ढिलेपणा) काढा. माझ्या माहितीतल्या कितीतरी गाड्या एवढ्यानेच हलक्या झाल्या. आणि साठच्या दशकातलं अमेरिकन पॉवर स्टिअरिंग चालवून बघा, एका बोटाने फिरतं, पण चाकाखाली डांबर आहे की खडी, काही कळत नाही. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, आता रस्ता हाताला सांगणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे. तीही काढून टाकली तर एकोणसत्तरची गाडी म्हणून चालवायचं काय?

शार्लटकर
टायरचं म्हणणं मान्य. पण माझा मुख्य मुद्दा पार्किंगचा नाही, हायवेचा आहे. मूळ गाडीला कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, फार थोडा ठेवलेला असतो. कॅस्टर वाढवला की चाकं आपोआप सरळ होतात, पण वळवताना तेवढाच जोर जास्त लावावा लागतो. हाताने वळवणाऱ्या माणसाला ते झेपावं म्हणून कंपनीने तो कमी ठेवला. ताशी ५० मैलांच्या शेतरस्त्यावर ते चालून गेलं. आता हेच इंजिन तिला ७० वर आरामात नेतं आणि बाजूने मोठा ट्रेलर गेला की गाडी लेनमध्ये भटकते.

पॉवर असेल तर अप्पर आर्मच्या (चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) शिम्स, म्हणजे पातळ पट्ट्या, बदलून कॅस्टर ४ अंशांच्या आसपास नेता येतो. शिम्सनी भागलं नाही तर वेगळे आर्म मिळतात. म्हणजे गाडी सरळ चालावी म्हणून पॉवर स्टिअरिंग. हा हिशेब हाताच्या स्टिअरिंगवाले मांडतच नाहीत.

चाकणचाइंजिनीअर
कॅस्टरच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. मी स्टिअरिंगच्या क्षेत्रातच नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

‘रस्ता हाताला कळत नाही’ हा दोष तेलाच्या दाबाचा नसतो. बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो. तो जेवढा पिळला जातो तेवढी मदत मिळते. जुन्या बॉक्समध्ये तो लवचीक असायचा, म्हणून एका बोटाचा कारभार. जाड बारचा, नंतरच्या काळातला बॉक्स घ्या, हाताला वजन लागेल आणि रस्ताही कळेल. दुसरं, पंपाचा प्रवाह. बॉक्सला जो प्रवाह मानवतो तो रॅकला (बॉक्सऐवजी दातेरी दांड्याने चाकं वळवणाऱ्या नव्या पद्धतीच्या स्टिअरिंगला) जास्त होतो आणि गाडी सरळ रेषेवरही दचकते. कोणी रॅक बसवणार असेल तर पंपाचा फ्लो व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय रस्त्यावर काढू नये.

होजची टोकं जुळणार नाहीत हेही लक्षात ठेवा. नव्या पंपाला मेट्रिक, ओ-रिंगचं (रबरी कड्याचं) टोक असतं आणि ६९ च्या बॉक्सला इंची फ्लेअर (पसरट तोंडाचं). कसं तरी आवळून बसवू नका, हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून दोन वेगळ्या टोकांची करून घ्या. शेजारीच इंजिनाचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तापलेल्या लोखंडावर ते तेल गळलं तर आग लागू शकते.

आणि ‘जुन्या ट्रकला हे शोभत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: पॉवर स्टिअरिंगचा जनक फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागाचा मुख्य अभियंता होता. जड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल बघूनच तो या कामामागे लागला. १९२६ मध्ये पॉवर स्टिअरिंग बसवलेली त्याची गाडी तयार होती. सर्वसामान्य ग्राहकाला ती सोय मिळाली १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरिअलमध्ये. ट्रकवाल्यांसाठी काढलेली वस्तू ट्रकलाच उपरी कशी?

बॅटरीवाली
तेल, पंप, होज हवेत कशाला? भंगारातून सॅटर्न व्ह्यूचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणा, डॅशबोर्डखाली बसवा. बॉनेटखाली काही दिसत नाही, गळत नाही. गाडीच्या संगणकाशी संपर्क नसला तरी त्याची मोटर ठराविक मदत देत राहते आणि बाजारात मदत कमी-जास्त करायचा खटकाही मिळतो.

चाकणचाइंजिनीअर
@बॅटरीवाली, ज्या गाडीत पंपाला जागाच नाही तिथे उत्तम. पण इथे मोटर कॉलमवर (चाकाच्या दांड्यावर) आहे, म्हणजे तिचा सगळा जोर जुन्या शाफ्टमधून, रबरी जोडातून आणि पन्नास वर्षं झिजलेल्या हाताच्या बॉक्समधून जाणार. २४:१ चं गुणोत्तरही तसंच राहणार. हलकं होईल, पण चाक तेवढंच फिरवावं लागेल.

जीपसातारा
आमच्याकडे जुन्या महिंद्रा जीपला बोलेरोचा पॉवर बॉक्स बसवतात, तोच हा प्रश्न. एकच कळकळीची विनंती. पॉवर बॉक्स लांब असतो, म्हणून शाफ्ट कापून लहान करावा लागतो, आणि कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला तो दहा मिनिटांत जोडून देतो. असा जोड कधीही स्वीकारू नका. घाटातल्या वळणावर तो सुटला तर चाक नुसतं हातात फिरत राहतं, ब्रेक सोडून काही उरत नाही. स्प्लाइनचा (खाचांनी एकमेकांत बसणारा) तयार शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात फिरणारा सांधा) घ्या. दोन जॉइंटच्या पुढे गेलात तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच.

मातीचारस्ता
कॅस्टरचा मुद्दा मी आजवर या बाजूने पाहिला नव्हता. रोज सत्तरने हायवेवर जाणाऱ्याने बसवावं, तिथे माझा विरोध नाही. रविवारी गावात फिरणाऱ्या गाडीला मात्र मी हात लावणार नाही. पट्टा तुटला तर पॉवर बॉक्स हाताच्या बॉक्सपेक्षा जड होतो, कारण त्याचं गुणोत्तर जलद असतं आणि आतलं तेलही तुम्हालाच ढकलावं लागतं.

आणि शार्लटकर, ६९ च्या गाडीला पुढेही ड्रमच आहेत. पुढचे डिस्क ७१ पासून आले. सत्तरने जायची भाषा करता, तर ते आधी बदललेत का?

शार्लटकर
नाही, अजून ड्रमच आहेत. तुमचं बरोबर आहे. ७१-७२ च्या गाडीचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) आणि डिस्क आधी येतील, बॉक्स त्यानंतर. दोन्ही कामांनंतर अलाइनमेंट करायचीच आहे, तर कॅस्टर तेव्हाच एकदा लावून घेतो. बॉक्स मात्र बसणार, आणि जाड टॉर्शन बारचाच.