मदत हवी आहे: नऊ एकांचा वर्ग संगणकात वेगळा, वहीत वेगळा

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी सातवीत आहे. २२ डिसेंबरच्या गणित दिवसासाठी ती गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांचा तक्ता करतेय. विषय तिनेच निवडला. आम्ही डोंबिवलीकर. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळात ज्या डेम्लो स्टेशनात कापरेकरांना या संख्या सुचल्या, ते आपलंच डोंबिवली, असं बाईंनी वर्गात सांगितलं आणि तिने तिथेच ठरवून टाकलं. कापरेकरांची प्रसिद्ध संख्या ६१७४ बाकीची मुलं घेणार होती, म्हणून ते तिला नको होतं. डहाणूला जन्मलेल्या आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर असलेल्या माणसाने शाळा सांभाळून हे शोधलं, याचं तिला फार अप्रूप आहे. मलाही आहे. म्हणून तक्त्यात चूक राहायला नको.

तिच्या ओळी अशा आहेत:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

जितके एक, तितक्यापर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. शिवाय तिने स्वतः एक गोष्ट पकडली. उत्तरातल्या अंकांची बेरीज प्रत्येक वेळी वर्गच येते: १२१ ची ४, १२३२१ ची ९, १२३४३२१ ची १६. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

संख्या लांब व्हायला लागल्यावर मी तिला स्प्रेडशीट उघडून दिली. आठ एकांपर्यंत सगळं ठीक होतं, १२३४५६७८७६५४३२१. नऊ एकांना वहीत १२३४५६७८९८७६५४३२१ येतं, तिथे मात्र १२३४५६७८९८७६५४३०० आलं. शेवटचे २१ गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं. रकाना रुंद केला, फॉरमॅट बदलला, तरी तेच. ती म्हणाली, ‘आई, दोन्हीकडे एककाला एक आहे, मग उत्तराच्या एककाला शून्य येईलच कसं?’ मला काही बोलता आलं नाही.

दहा एकांचं तर आम्ही हातानेच केलं, दोनदा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. सातानंतर एकदम नऊ, आठ गायबच, आणि मधे दोन शून्यं. अंकांची बेरीज १०० यायला हवी, येते ८२.

माझे प्रश्न: नवव्या ओळीत कोण बरोबर? दहाव्या ओळीत आमचं चुकलंय का? आणि ही सतरा अंकी संख्या तिला मोठ्याने वाचून दाखवायची आहे, ती कशी वाचायची? कोटींच्या पुढे ‘लाख कोटी’ वगैरे म्हणताना जीभ अडखळते.

प्रतिसाद १

ताई, मुलीचं बरोबर आहे, दोन्ही ठिकाणी.

आधी नववी ओळ. तिचा एककाचा मुद्दा एवढाच पुरेसा आहे. वर आणखी एक ताळा घ्या. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गालाही गेलाच पाहिजे. वहीतल्या उत्तराच्या अंकांची बेरीज ८१, भाग जातो. स्प्रेडशीटच्या उत्तराची ७८, जात नाही. तिथेच ते उत्तर बाद.

कारण असं, की स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंक धरून ठेवते आणि पुढे शून्यं भरते. आठ एकांचा वर्ग बरोबर १५ अंकी आहे, म्हणून तिथपर्यंत तुम्हाला काही जाणवलं नाही. नऊ एकांचा १७ अंकी. मुळात आत संख्या साठवायला जे ६४ बिट असतात, त्यात पूर्णांक एकही न गाळता मावतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्यापुढे बराच पल्ला फक्त सम संख्याच बसतात. तुमची संख्या त्या पल्ल्यात आहे आणि विषम आहे, त्यामुळे ती त्या डब्यात ठेवताच येत नाही. फॉरमॅट बदलून काय होणार! पायथन या प्रोग्रामिंग भाषेत १११११११११**२ (म्हणजे नऊ एकांचा वर्ग) करून बघा, तिथे पूर्णांक हवे तेवढे लांब ठेवता येतात, सगळे अंक मिळतील.

दहावी ओळ. तुमचा गुणाकार बरोबर आहे. उभी मांडणी करून मुलीला प्रत्येक रकान्यात किती एक येतात ते मोजू द्या: १, २, ३ करत ९, मग मधल्या रकान्यात १०, मग परत ९ पासून खाली. नऊपर्यंत हातचा कधी लागतच नाही, म्हणून तो सुंदर डोंगर दिसतो. दहाचं मात्र शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो. डावीकडच्या नवाचे झाले दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि हातचा संपला. आठ गायब झालेले नाहीत, ते नऊ होऊन बसलेत.

बेरजेचं कोडंही यातच सुटतं. हातचा देताना एका रकान्यातून १० जातात आणि शेजारी १ मिळतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. हातचे दोन, म्हणून १०० मधून १८ गेले. ८२.

धागाकर्ती

वाचून दाखवलं, आणि लगेच तिने अकरा एकांचं मांडायला घेतलं आहे. किती हातचे येतील ते आधी सांगायचं आणि मग बेरीज करायची, असा तिचा खेळ चाललाय. मनापासून आभार. वाचनाचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद २

यासाठी भास्कराचार्यांच्या लीलावतीतली नावं घ्या. आपण लाख, कोटी म्हणताना दोन-दोन स्थानं जोडून वाचतो. लीलावतीत मात्र एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. त्यामुळे सतरा अंक आरामात बसतात, परार्धाची गरजही पडत नाही. आणि या संख्येचं वाचन तर ऐकत राहावं असं होतं:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

नऊ अर्बुदावर क्षणभर थांबायला सांगा. तिथून उतरण आहे.

धागाकर्ती

दोन दिवस घरात हेच चालू आहे, तिच्या आजीलाही निखर्वापर्यंत पाठ झालं. नववी ओळ तक्त्यावर हाताने लिहिली. दहावी काढून टाकणार होतो, ती आता ठेवतोय, दोन्ही हातचे लाल शाईत. अकरा एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज तिच्या वहीत ८५ आली आहे, म्हणजे हातचे चार. कुणी पडताळून सांगितलं तर तीही ओळ खाली जोडू.