रक्तस्रावानंतरचा अफेझिया: आर४७.०१ की आय६९.१२०?

नोंदवही
अफेझिया म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषा समजण्यात किंवा शब्द सापडण्यात येणारा दोष. त्याला कुठला निदान-कोड लावायचा, हे अमेरिकी आयसीडी-१०-सीएम (अमेरिकेतली निदान-कोडांची यादी) पुरतं बोलतोय. आर४७.०१ (नुसता अफेझिया) फक्त रक्तस्रावाच्या तीव्र उपचारात, आय६१ (मेंदूच्या आतला रक्तस्राव) च्या जोडीला. रुग्ण पुनर्वसनाला गेला की त्याच दिवसापासून आय६९.१२० (त्या रक्तस्रावामुळे मागे उरलेला अफेझिया). दोन्ही एकत्र नकोत, आर४७.०१ खालची एक्सक्लूड्स-१ (‘हे कोड एकत्र लावू नका’) टीप ते स्पष्ट नाकारते.

शिरोरेखा
इतकी घाई पटत नाही. आय६९ म्हणजे मागे उरलेले परिणाम. डब्ल्यूएचओच्या मूळ आयसीडी-१० मध्ये ‘मागे उरलेला परिणाम’ अशी नोंद तरी हवी, नाहीतर वर्ष तरी उलटलेलं हवं. तीन आठवड्यांत वाचा सुधारतच असते, तेव्हा आर४७.०१ च ठेवावा.

नोंदवही
वर्षाची अट मूळ आवृत्तीत आहे, सीएममध्ये नाही. सीएमनुसार दोष पहिल्या दिवसापासून असेल किंवा पुढे कधीही उद्भवेल, दोन्ही चालतं. हा कोड दोष कशामुळे आला ते सांगतो, तो कायमचा आहे असं म्हणत नाही. पुनर्वसनात एकटा आर४७.०१ लावलात तर रक्तस्रावाचा उल्लेखच गळतो.

तिसरा रकाना
मला नोंदवहींची रेघही ढोबळ वाटते. शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या रुग्णालयात हलवलं तर तीव्र उपचार चालूच असतात, म्हणून तिथेही आय६१ आणि आर४७.०१. जुन्या रक्तस्रावाचा अफेझिया असलेल्याला आज नवा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग मरणं) झाला, तर त्याच्या आय६३ सोबत आय६९.१२० लावायला नियमावली परवानगी देते.

खरी गफलत आय६९ नंतरच्या, म्हणजे कोडच्या चौथ्या जागेवरच्या अंकात होते. सबअरॅक्नॉइड (मेंदूभोवतीच्या आवरणांमधल्या) रक्तस्रावाला ०, मेंदूच्या आतल्या रक्तस्रावाला १, आपोआप झालेल्या सबड्युरलला (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालच्या रक्तस्रावाला) २, इन्फार्क्टला ३. डिस्चार्ज समरीत नुसतं ‘स्ट्रोक’ असलं की कोडांची सूची (इंडेक्स) आय६९.३ कडे नेतो आणि रक्तस्रावाचा रुग्ण आय६९.३२० वर जातो. सीटीत रक्त दिसलं तरी निदान डॉक्टरांच्या नोंदीत हवं, म्हणून क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) टाकाच. डोक्याला मार लागून रक्तस्राव झाला असेल तर आय६९ नाहीच, आधी आर४७.०१, मग सातव्या जागी एस (मागे उरलेला परिणाम) असलेला एस०६ (कवटीच्या आतली इजा) चा कोड.

शिरोरेखा
सीएममध्ये वर्षाची अट नाही, मान्य. पण ‘बोलण्यात अडचण’ एवढ्यावर आय६९.१२० लावणं मला अजूनही चूक वाटतं. उच्चार अस्पष्ट पण भाषा शाबूत असेल तर तो डिसार्थ्रिया, म्हणजे आय६९.१२२. क्वेरीत तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: ऐकलेलं समजतं का, शब्द सापडतात का, उच्चार कसे आहेत. गिळण्याचा त्रासही असेल तर आय६९.१९१, आणि त्याला आर१३.१ (गिळण्याच्या त्रासाचा प्रकार) मधला कोड जोडावा लागतो. तो बऱ्याचदा राहून जातो.